रात्रीची गोळी सकाळी उतरत नाही : शहाडकरांना तातडीचं आवाहन

शहाड, बिर्ला गेट, मोहने, आंबिवली आणि पलीकडे उल्हासनगरच्या कॅम्प एकपर्यंत राहणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे. आज रात्रीची जेवणं उरकली की घरातला औषधांचा डबा जमिनीवर उपडा करा. डबा नसेल तर फ्रिजवर किंवा देव्हाऱ्याखाली मेडिकलची एखादी फुगलेली पिशवी असतेच, ती उपडी करा. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या बाजूला काढा. तळाशी कात्रीने कापलेल्या स्ट्रिपचे चार-सहा तुकडे निघतील, सुट्या गोळ्या देताना मेडिकलवाल्याने कापलेले. एखाद्यावर नुसतं ‘...झोलाम ०.५’ एवढंच उरलेलं असेल, एखाद्यावर फक्त किंमत. मुदत संपल्याची तारीख दुसऱ्याच कुणाच्या घरी गेलेली. हे आवाहन त्या तुकड्यांबद्दल आहे.

जेवढं दिसतं तेवढं नाव वाचा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, झोल्पिडेम. घरात जुनं माणूस असेल तर डायझेपामला ते अजून ‘काम्पोज’च म्हणेल. ही गोळी घरात कधी ‘टेन्शनची’ म्हणून आलेली असते, कधी ‘झोपेची’, तर कधी नुसतीच ‘रात्रीची’. पोटाच्या आणि नैराश्याच्या काही जोडगोळ्यांतही यातलं औषध मिसळलेलं असतं आणि घेणाऱ्याला ते ठाऊक नसतं. नाव सापडलं की एवढंच विचारा : ही कोण घेतं, रात्री किती वाजता घेतं आणि सकाळी किती वाजता घराबाहेर पडतं?

डबा उपडा करा म्हटलंय, गोळ्या फेका म्हटलेलं नाही. ते का, हे पुढे येईलच. तोवर एकही गोळी कचऱ्यात टाकू नका.

घाई अशासाठी की पावसाळा लागलाय. मोरीपासून जिन्यापर्यंत सगळं ओलं आहे. लाईट केव्हा जाईल सांगता येत नाही. घरोघरी सर्दी-खोकला आहे आणि त्यावरची निम्मी औषधं स्वतःच गुंगी आणणारी आहेत. आषाढीला पहाटे बिर्ला मंदिरात दर्शनाला जाणाऱ्यांची रांग लागेल, त्यात म्हातारी माणसंच जास्त. आणि आषाढ संपता संपता गटारी. झोपेच्या गोळीने घात व्हायला जे जे लागतं ते सगळं या महिन्या-दीड महिन्यात आपल्याकडे एकत्र येतं.

गोळी वाईट असते असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी नीट विचार करून, ठरावीक दिवसांसाठी दिलेली गोळी अनेकांना फार कठीण काळातून पार करते. फिट्सच्या रुग्णांना तर यातली काही औषधं रोज लागतात. भानगड वेगळीच आहे. आपण समजतो की गोळीचं काम झोप लागेपर्यंतचं. सकाळी जाग आली, तोंड धुतलं, चहा घेतला की गोळीचा विषय संपला. तो संपलेला नसतो.

औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला किती तास लागतात, यावरून ते अंगात किती टिकतं हे कळतं. झोल्पिडेमला दोन-तीन तास पुरतात. अल्प्राझोलामला साधारण ११ तास लागतात, वयस्कर माणसात त्याहून जास्त. क्लोनाझेपामला ३० ते ४० तास. डायझेपामला दोन दिवसही लागू शकतात, आणि यकृतात त्याचं रूपांतर होऊन जे तयार होतं तेही गुंगीचंच, ते त्याहूनही रेंगाळतं. म्हणजे रात्री ११ वाजता क्लोनाझेपाम घेणाऱ्याच्या अंगात दुसऱ्या रात्री ११ वाजता निम्म्याहून अधिक औषध शिल्लक असतं, आणि तो त्यावर नवी गोळी टाकतो. आठवडा-दोन आठवड्यांत साठा चढत जातो. झोप आणण्याचा गुण सवयीने बोथट होतो, म्हणून माणूस म्हणतो, ‘मला आता काही होत नाही त्याने.’ पण तोल, हातापायांची चपळाई आणि लक्षात राहणं यांवरचा परिणाम तितक्या लवकर जात नाही.

आणि लवकर उतरणाऱ्या झोल्पिडेमचं काय? तिच्या माहितीपत्रकात अट आहे : घेतल्यावर सात-आठ तास अंथरुणात मिळणार असतील तरच घ्या. आता सांगा, आपल्या भागात हे सात-आठ तास कुणाकडे आहेत? रात्री साडेदहाला कल्याणला उतरून, शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहून घरी पोचणारा, साडेअकराला जेवणारा माणूस पहाटे पुन्हा डबा घेऊन स्टेशनवर असतो. बाईमाणसाला त्याआधी उठून पाणी भरायचं असतं. यांच्यातल्या कित्येकांना निद्रानाश नाहीच, त्यांना झोपायला वेळ नाही. वेळ नसण्यावर गोळी घेतली की ती गोळी कसारा लोकलच्या दारात उतरते.

दारातच म्हणायचं कारण आहे. शहाडला गाडी येते ती आसनगाव-टिटवाळ्याहून भरूनच येते. आत शिरायला जागा नसते, एक पाय फूटबोर्डवर, एक हात दांड्याला. तोल सावरायला आणि पकड घट्ट करायला क्षणाचाही उशीर झालेला तिथे चालत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ वळणावर एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले, माणसं दगावली. त्या अपघाताचा गोळ्यांशी काही संबंध नव्हता. पण धडधाकट, पूर्ण जागी असलेली माणसं ज्या दारातून पडतात, तिथे रात्रीची गुंगी घेऊन उभं राहायचं? मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं जातात. रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून जाणारे त्यांत सगळ्यात जास्त. त्यांच्यातल्या कुणाच्या रक्तात काय होतं, हे सरसकट तपासायची पद्धत नाही. गोळीचं नाव अपघाताच्या कागदावर येत नाही, म्हणून ते आपल्या बोलण्यातही येत नाही.

रात्री गोळी घेतली असेल तर दारात उभं राहू नका. ती गाडी सोडा. लेटमार्क लागेल, लागू द्या. रूळ ओलांडायचा तर विचारही नको, पुलाचा जिना कठड्याला धरून चढा.

झोल्पिडेम घेणाऱ्या बायकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाईच्या शरीरातून हे औषध पुरुषापेक्षा सावकाश बाहेर पडतं. सकाळी गाडी चालवणं धोक्याचं ठरेल एवढं औषध रक्तात उरतं असं दिसल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०१३ मध्ये बायकांसाठीची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला सांगितलं. पूर्ण जागं वाटत असतानाही हा परिणाम असू शकतो, असंही त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. पुढे २०१९ मध्ये त्याच खात्याने या गोळीवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, कारण काही माणसं ती घेतल्यावर झोपेतच उठून चालली होती, स्वयंपाक करत होती, गाडी चालवत होती, आणि सकाळी त्यांना काहीच आठवत नव्हतं. तुमची चिठ्ठी १० मिलिग्रॅमची असेल तर डॉक्टरांना एकदा विचारा. विचारण्यात अपमान कुणाचाच नाही. घरात कुणी गोळी घेऊन रात्री असं उठून काही करताना दिसलं, तर ती गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

आता घरातली जागा, जिथे सगळ्यात जास्त घात होतो. पलंग ते मोरी. गोळी घेतलेलं म्हातारं माणूस रात्री अडीचला लघवीला उठतं. पडल्या जागेवरून एकदम उभं राहिलं की रक्तदाब खाली येतो, त्यात बीपीची गोळी आहेच. स्नायू सैल असतात, पाय हवा तेवढा उचलला जात नाही. चाळीतल्या खोलीत मोरीला वीतभर उंचीचा कट्टा असतो, फ्लॅटमध्ये बाथरूमचा उंबरा. अंगठा त्याला अडकतो. धडधाकट माणूस अशा वेळी हात पुढे टाकतो आणि मनगटावर निभावतं. गुंगीतल्या माणसाचा हात पुढे यायला उशीर होतो, आणि सगळा भार खुब्यावर नाहीतर डोक्यावर येतो. अमेरिकेत वेन रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्येच दाखवून दिलं होतं की अंगात दीर्घकाळ टिकणाऱ्या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. खुबा मोडणं म्हणजे नुसतं हाड मोडणं नव्हे. शस्त्रक्रिया, अंथरूण, पाठीला जखमा, छातीत कफ. उतारवयात खुबा मोडलेल्यांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात जातो. म्हणूनच वयाची पासष्टी ओलांडलेल्यांना या गोळ्या शक्यतो टाळाव्यात असं वृद्धोपचारातल्या तज्ज्ञांचं सांगणं आहे, आणि आपल्याकडे नेमक्या त्याच वयात त्या सगळ्यात मोकळ्या हाताने दिल्या जातात.

यावरचे उपाय पैशाचे नाहीत. मोरीत झिरोचा बल्ब रात्रभर जळू द्या. वाटेतलं पायपुसणं काढून टाका, ते चार कोपऱ्यांनी निसटतंच. मोरीतली बादली भिंतीकडे सरकवा. उशाशी टॉर्च ठेवा. तळ गुळगुळीत झालेली रबरी चप्पल आजच फेका, नवी आणा. उठताना आधी काठावर बसायचं, मनात शंभर आकडे मोजायचे, मग धरून उभं राहायचं, हे आईला-वडिलांना दिवसाढवळ्या दोनदा करायला लावा, म्हणजे रात्री आपोआप होईल. जमिनीवर गादी असेल तर शेजारी एक जड खुर्ची ठेवा, उठताना आधाराला. आणि सरळ सांगायचं तर, रात्रीपुरतं भांडं पलंगाजवळ ठेवायची लाज सोडा. तरणीताठी मुलगी, सून घरात आहे म्हणून भांडं नको म्हणणारे आजोबा मी पाहिलेत. पुढे महिनोन् महिने त्याच सुनेला त्यांचं सगळंच अंथरुणात करावं लागलं.

गोळी दोनदा घेतली जाते तीही इथेच. या औषधांनी आठवण पुसट होते. घेतली की नाही तेच आठवत नाही, झोप लागत नाही म्हणून आणखी एक घेतली जाते. भिंतीवर कालनिर्णय असेलच. गोळी घेतली की त्या तारखेवर पेनाने फुली मारा. फुली दिसली की दुसरी नाही, मग पहाटेपर्यंत टक्क जागं राहावं लागलं तरी चालेल.

दुचाकीवाल्यांना आणि रिक्षावाल्यांना वेगळं सांगायला हवं. शहाडच्या पुलावरून जाणारा कल्याण-मुरबाड रस्ता पुढे माळशेज घाटाला लागतो. पहाटे त्या बाजूने भाजीचे ट्रक, टेम्पो भरधाव उतरतात. पावसात खड्डा दिसत नाही, दिसला तरी ब्रेक दाबायला उशीर झाला की संपलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ फक्त दारूचं आहे असा सार्वत्रिक समज आहे. त्यात औषधाच्या अमलाखाली गाडीवर ताबा न राहणंही येतं. पोलिसांच्या फुंकायच्या यंत्रात गोळी सापडत नाही हे खरं, पण ट्रकच्या चाकाला यंत्र लागत नाही. नवीन गोळी सुरू झाली, मात्रा वाढली किंवा बदलली की निदान पहिले काही दिवस गाडीची किल्ली घरच्यांच्या हातात द्या, आणि पुन्हा कधी हातात घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

कारखान्यातल्या लोकांचं दुखणं आणखी निराळं. सेंच्युरी रेयॉनसारखे तीन पाळ्यांत चालणारे कारखाने, उल्हासनगरातली फर्निचरची आणि जीन्सची युनिटं. थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी आलेला माणूस पत्र्याच्या उकाड्यात, पोरांच्या गलक्यात झोपणार कसा? तो गोळी घेतो. पुढच्या आठवड्यात पाळी बदलते, गोळीची वेळ बदलते, आणि गोळी उतरायच्या आत तो करवतीवर किंवा कटिंग मशीनवर असतो. सुपरवायझरला सांगितलं तर काम जाईल, ही भीती खोटी नाही. म्हणून इथे विनंती मालकांना आणि सुपरवायझरांना आहे : ‘मी गुंगीच्या गोळीवर आहे’ असं जो स्वतःहून सांगतो त्याला फिरत्या यंत्रापासून दूर, पॅकिंगला वगैरे बसवा, घरी बसवू नका. एकाला घरी बसवलंत की बाकीचे दहा तोंड उघडणार नाहीत.

सर्दीच्या औषधांचं मघाशी म्हटलं. क्लोरफेनिरामिन, म्हणजे बहुतेक सर्दीच्या गोळ्यांतलं सीपीएम, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्झिझिन, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, सगळी गुंगी आणतात. सेट्रिझिन कमी आणतं, पण आणतं. रोजच्या अल्प्राझोलामवर यातलं काही चढवलं की एक अधिक एक बरोबर दोन होत नाहीत, जास्त होतात. मेडिकलमध्ये सर्दीचं औषध मागताना ‘मी झोपेची गोळी घेतो’ हे वाक्य आधी बोला. लहान मूल रात्री रडतं, झोपू देत नाही म्हणून त्याला सर्दीचं सिरप पाजण्याची युक्ती कुणी सांगितली असेल तर ती तिथेच सोडा. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बाटलीवर छापायचा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढलाय.

आणि गटारी. गोळी आणि दारू एकत्र घेतली तर माणूस नुसता पडत नाही, त्याचा श्वास मंदावतो. झोपलाय, घोरतोय, असं म्हणत मित्र निघून जातात आणि सकाळी तो उठत नाही. त्या रात्री गोळी चुकवून दारू प्यायची हा उपाय नव्हे. वर सांगितल्याप्रमाणे कालची गोळी अंगात असतेच. ताडीच्या नावाखाली जे विकलं जातं त्यात बऱ्याचदा क्लोरल हायड्रेट घालतात, ते एकोणिसाव्या शतकात डॉक्टर झोपेसाठीच देत असत. म्हणजे अशी ताडी पिणारा माणूस नकळत गोळीवालाच असतो. मालेगावात अल्प्राझोलामला पोरांनी ‘कुत्ता गोळी’ नाव दिलं आणि नशेसाठी तिचा बाजार झाला, हे वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलंय. ते आपल्या पोरांचं नाही, असं समजून शांत बसू नये. डब्यातल्या गोळ्या मोजून ठेवा, कुलपात ठेवा.

आता फेकू नका का म्हटलं ते. हे वाचून घाबरून कुणी आज रात्रीपासून गोळी एकदम बंद केली तर ते पडण्याइतकंच वाईट. महिनोन् महिने रोज घेतलेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम अचानक थांबली की हात थरथरतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, झोप पूर्वीपेक्षा जास्त उडते आणि काहींना फिट येते. फिट जिन्यात येऊ शकते, गॅसपाशी येऊ शकते. गोळी सोडवायची तर ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोडी थोडी कमी करत, काही आठवडे, कधी काही महिने घेऊन सोडवतात. सुटते. कल्याणचं रुक्मिणीबाई रुग्णालय, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे. मनोविकार बाह्यरुग्ण विभागाचा वार कोणता ते आधी विचारून जा. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि तिथल्या ओपीडीत जाणारा वेडा नसतो, हे आता सांगावं लागू नये. तिथवर जायचं नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, कुठल्याही वेळी, मराठीतून. औषधाशिवाय झोप परत आणण्याची शिस्तशीर उपचारपद्धत आहे, निद्रानाशावर जगभरचे डॉक्टर आता गोळीच्या आधी तीच सुचवतात, त्याबद्दलही विचारा.

मेडिकलवाल्या दादांनो, अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहायचं, वही तीन वर्षं सांभाळायची, हे तुम्हाला पाठ आहे. ‘काकांना रोजची लागते, द्या चार’ असं म्हणत येणारी ओळखीची माणसं असतात, नाही म्हणणं जड जातं, कळतं. तरी नाही म्हणा. आणि चिठ्ठीवर देताना स्ट्रिप कापावी लागलीच तर नाव आणि तारीख असलेला तुकडा गिऱ्हाइकाकडे जाऊ द्या. गिऱ्हाइकांनीही, गोळी नाकारणाऱ्याशी काउंटरवर हुज्जत घालू नये. शेजारणीला ‘आमच्या ह्यांना लागू पडली, तुम्हीपण अर्धी घेऊन बघा’ म्हणत गोळी देणाऱ्या ताई-माईंना हात जोडून सांगणं आहे, साखर द्या, विरजण द्या, ही गोळी देऊ नका.

आणि एवढं करूनही घरात कुणी पडलंच तर. ओढून उभं करू नका. कुठे दुखतंय विचारा, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय का पाहा, १०८ ला फोन करा. दवाखान्यात जाताना स्ट्रिपचा तुकडा सोबत न्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते डॉक्टरांना सांगा. डोक्याला मार बसला असेल आणि तासाभराने माणूस पेंगायला लागला, तर ‘रात्रीची गोळी आहे, झोपू दे’ असं म्हणून दिवा मालवू नका. कवटीच्या आत रक्त साठत असलं तरी माणूस असाच पेंगतो. वांती होते का, बोलताना शब्द अडखळतात का, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत का, हे बघत बसण्यातही वेळ घालवू नका. मिळेल त्या गाडीने, असाल त्या कपड्यांनिशी रुग्णालयात न्या, आणि डोक्याचा सीटी स्कॅन हवा का हे तिथे पोचल्या पोचल्या विचारा.